11 जणांची कंपनी 130 जणांची होताना (कोल्हापूरचा अनुभव)

रंकाळ्याकडेचा

गेली नऊ वर्षं मी कोल्हापुरातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतोय. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यांवरून लिटरचा दर, दर दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्याची कपात, असा सगळा संसार. जून 2016 मध्ये लागलो तेव्हा माझ्यासकट 11 माणसं होती. आज 130 आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त गेल्या दोन वर्षांत आलेली. "कंपनी लई वाढली की रे तुमची," असं गल्लीतली माणसं कौतुकानं म्हणतात. वाढली, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण वाढताना आत काय काय होतं त्याबद्दल वाचायला मिळतं ते बंगळूर-पुण्याचं. इकडचं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवातीचं ऑफिस शाहूपुरीत, दोन खोल्यांचं. कोड लिहिणारा वेगळा, फोन घेणारा वेगळा असं काही नव्हतं. वजनकाटा आणि मिल्क अ‍ॅनालायझर संगणकाला जोडायची केबल माझ्या सॅकमध्ये कायम असायची. पहाटे पावणेसहाला फोन यायचा, "साहेब, काट्याचं वजन येईना झालंय बघा," की गाडीला किक मारून राधानगरी नाहीतर भुदरगड गाठायचं. तिथं रांगेत किटल्या घेऊन उभी असलेली माणसं तुमच्याकडे बघत असतात. आपण लिहिलेली चूक समोर उभी असते, तिला चेहरा असतो.

ऑगस्ट 2019 चा महापूर इथल्या कुणाला सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट, आणि पाणी गेलं 55 च्या वर. आम्ही तेव्हा 19 जण होतो. पाणी जिन्यापर्यंत यायच्या आत मशिनं उचलून राजारामपुरीत एका सहकाऱ्याच्या घरी नेली. त्याच्या आईनं पाच दिवस सगळ्यांना जेवायला घातलं. हायवे बंद, टँकर अडकलेले, कितीतरी गावांत संकलनच थांबलेलं, तरी फोन चालू होते. संकलन नाही तर बिलाचा दहावडा, म्हणजे दहा दिवसांचा हिशेब, कसा बंद करायचा, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच आधी सुचला नव्हता. त्या घरातल्या हॉलमध्ये बसून दोन तासांत त्याचं उत्तर निघालं, कारण ज्याला जे माहीत होतं तो तिथंच मांडी घालून बसलेला होता.

खरी उडी 2024 ची. जानेवारीत राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान लागू केलं. त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि उत्पादकाचं आधार जोडलेलं बँक खातं, सगळं ऑनलाइन भरायचं होतं. वहीवर चालणाऱ्या संस्थासुद्धा संगणक मागायला लागल्या. आम्ही महिन्याला आठ-दहा माणसं घेत होतो. मुलाखत सोमवारी, हातात लॅपटॉप पुढच्या सोमवारी. सपोर्ट वेगळा झाला, टेस्टिंग वेगळं झालं, मध्ये तीन मॅनेजर आले. पगार वेळेवर, काम भरपूर, नवीन जागा ऐसपैस. आणि तरी काहीतरी निसटत चाललंय असं वाटायचं. काय, ते यंदाच्या मे महिन्यात कळलं.

एका नव्या रिलीजनंतर, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती संस्थांना पाठवल्यावर, भुदरगड तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांची तक्रार आली. एका बाईंच्या बिलात 23 रुपये 40 पैसे कमी. सपोर्टनं तिकीट केलं, म्हणजे तक्रार सिस्टिममध्ये नोंदवली, "किरकोळ फरक" म्हणून खालच्या रांगेत टाकलं. तीन दिवसांनी माझ्या नजरेला पडलं. बाईंची एक गाय, वेळेला सहा लिटर दूध. दहा दिवसांच्या वीस वेळांपैकी तेरा वेळा फॅट 4.1 लागली होती. 78 लिटर, लिटरमागे 30 पैसे. हिशेब मांडला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण हा आकडा मी आधी पाहिला होता.

ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगणक आकडे दोनच्या पायावर साठवतो, आणि 4.1 त्यात नेमका बसत नाही. 4.1 ला 100 नं गुणलं की 410 ऐवजी 409.99999999999994 येतं. आमचा कोड पुढचे दशांश कापून टाकायचा, उरायचे 409. दरपत्रकात 409 ही पायरी नाही, म्हणून दर लागायचा खालच्या पायरीचा, म्हणजे 4.0 चा. सगळ्याच आकड्यांना असं होत नाही, म्हणून तपासताना सुटून जातं. 2017 च्या पावसाळ्यात गारगोटीकडच्या एका सचिवांनी हेच मला फोनवर सांगितलं होतं. मी त्याच रात्री एक ओळ घातली होती, कापायच्या आधी 0.001 मिळवायची.

ती ओळ आता नव्हती. चार महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलानं कोड साफ करताना ती काढली होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही काढली असती. ओळ कशासाठी आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो रिलीज 212 संस्थांना गेला होता.

बैठकीत मॅनेजरांनी विचारलं, बदल कुणी केला. मुलानं हात वर केला. वीसभर माणसांत तो एकटा हात. मी सांगितलं की ती ओळ माझी, आणि ती का लिहिली हे न लिहिण्याची चूकही माझी. सगळ्यांचे फरक पुढच्या बिलात जमा झाले. प्रकरण कागदावर मिटलं.

माझं मिटलेलं नाही. आठ वर्षांपूर्वीचा एक फोन माझ्या डोक्यात होता आणि कंपनीच्या डोक्यात नव्हता. असे किती फोन माझ्यात आणि माझ्यासोबतच्या चार-पाच जुन्या लोकांत अडकलेत? तुमच्याकडे वाढत्या कंपनीत हे कसं सांभाळता? मनापासून विचारतोय.

परतलेलं_पाखरू

दादा, वाचताना अंगावर काटा आला. मी सात वर्षं हिंजवडीत होतो. तिथं आमची कंपनी 300 वरून 2000 च्या घरात गेली. आता दोन वर्षं घरून, कळंब्यात बसून काम करतोय.

एक हिशेब सांगतो. अकरा माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या 55 होतात. 19 जणांत 171. तुमच्या 130 जणांत 8385. माणसं बारापट, जोड्या दीडशेपट. पुराच्या वेळी हॉलमध्ये दोन तासांत उत्तर निघालं ते 171 जोड्यांमुळे. आता तेवढ्या जोड्यांचं बोलणं शक्यच नाही, त्यात कुणाचा दोष नाही. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम ज्यांनी सांभाळलं ते फ्रेड ब्रुक्स 1975 मध्येच सांगून गेलेत, की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की उशीर वाढतो. नव्याला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. तुम्ही महिन्याला दहा जण घेत होता म्हणजे जुने चार-पाच जण दिवसभर शिकवतच असणार, आणि आपलं काम रात्री करत असणार. खरं की नाही?

"लिहून ठेवा" हा उपाय सगळे सांगतील. मी नाही सांगणार. आमच्याकडे लिहिलेली हजारो पानं होती, कुणी उघडत नव्हतं. पान खोटं ठरलं तरी ओरडत नाही. टेस्ट, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणारी तपासणी, ओरडते. 2017 मध्ये त्या ओळीबरोबर "4.1 फॅटला 4.1 चाच दर लागला पाहिजे" एवढी एक टेस्ट असती, तर त्या मुलानं ओळ काढल्याच्या पाचव्या मिनिटाला त्याच्याच स्क्रीनवर लाल झालं असतं.

आणि फॅट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या आकड्यात, ठेवायचीच कशाला? पूर्णांकात ठेवा. 4.1 म्हणजे 41.

रंकाळ्याकडेचा

@परतलेलं_पाखरू, शिकवण्याचं अगदी खरं. 2024 चे पहिले सहा महिने माझं स्वतःचं काम रात्री नऊनंतरच सुरू व्हायचं. बायकोनं एकदा शांतपणे विचारलं होतं, "पगार दिवसाचा मिळतो की रात्रीचा?" उत्तर नव्हतं.

टेस्टचं मान्य. 2017 मध्ये आमच्याकडे टेस्ट लिहायची पद्धतच नव्हती. गावात जाऊन बघणं हीच टेस्ट. पूर्णांकाचं काम जूनमध्ये सुरू केलंय, जुना डेटा फिरवायचा आहे म्हणून वेळ लागतोय.

शिरोलीकर

तुमचा संगणक मला कळत नाही, पण गोष्ट कळली. माझी फाउंड्री आहे. वडिलांनी उद्यमनगरात एका भट्टीवर सुरू केली, आता शिरोलीत आहे.

आमच्याकडे एक मोल्डर होते, वाळूचे साचे बनवणारे, तीस वर्षं. वाळू मुठीत दाबून, मोडून बघायचे आणि पाणी कमी की जास्त ते सांगायचे. ते निवृत्त झाले. सहा महिन्यांत एका पंपाच्या कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत गॅसच्या पोकळ्या, यायला लागले. रिजेक्शन वाढलं. वाळू तपासली, धातू तपासला, भट्टीचं तापमान तपासलं, सगळं ठीक. शेवटी त्यांच्या घरी गेलो, पाचगावला. चहा घेता घेता म्हणाले, "त्या कोपऱ्यात एक व्हेंट जास्त मारत होतो मी. गॅस अडकायचा तिथं." ड्रॉइंगवर ते भोक नव्हतं. पॅटर्नवर, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यावर, खूण नव्हती. त्यांच्या हातात होतं, हाताबरोबर गेलं.

मी त्यांना आठवड्यातून दोन दिवस परत बोलावलं, पगार देऊन. पोरं त्यांच्या शेजारी उभी करायची. काय करताय असं विचारायचं नाही, "का करताय" एवढंच विचारायचं, असा नियम घातला. एका वर्षात चाळीस-पन्नास गोष्टी निघाल्या. त्यातल्या कितीतरी आता पॅटर्नवरच आहेत.

माझा सल्ला तुम्ही मागितला नाही, तरी देतो. तुम्ही कंपनीत आहात तोवर हे करून घ्या. आमच्यासारखं घरी जाऊन चहा प्यायची पाळी आणू नका.

मोरेवाडी

मी एका दुसऱ्या कंपनीत सपोर्टला आहे, लीड. त्या "किरकोळ फरक" तिकिटाबद्दल बोलायचंय.

ते ज्या मुलीनं किंवा मुलानं खालच्या रांगेत टाकलं त्यांना कुणी सांगितलं होतं का, की दूध संस्थेत 23 रुपये म्हणजे काय? आमच्याकडे तिकिटाची पायरी रकमेवरून ठरते. हजाराच्या खाली असेल तर आपोआप खाली जातं. हा नियम मॅनेजमेंटनं केलाय, फोन घेणाऱ्यानं नाही. कंपनी वाढली की पहिल्यांदा सपोर्ट वेगळ्या मजल्यावर जातो, मग वेगळ्या इमारतीत, आणि मग बैठकीचं बोलावणं यायचं थांबतं. कुठल्या गावात नेट नाही, कुठले सचिव चष्मा लावूनही स्क्रीनवरचं बारीक अक्षर वाचू शकत नाहीत, हे आम्हाला माहीत असतं. पुढच्या रिलीजमध्ये काय करायचं ते ठरवताना आम्ही नसतो.

माझ्या टीममध्ये नऊ मुली आहेत. एकीनं गेल्या वर्षी एकच तक्रार 14 वेगवेगळ्या ग्राहकांकडून ऐकली, स्वतःच्या डायरीत तारखेनिशी लिहिली. ती डायरी कुणी मागितली नाही. मी ती घेऊन सरळ डेव्हलपमेंटच्या हॉलमध्ये गेले. तेव्हापासून दर गुरुवारी आमच्यातली एक जण त्यांच्या बैठकीला बसते. भांडून मिळवलंय.

सांजवात

मोरेवाडीताई, भांडलात ते बरं केलंत.

माझं थोडं वेगळं. आमचे ग्राहक अमेरिकेतले. त्यांच्या सकाळी नऊची बैठक म्हणजे आपली संध्याकाळी साडेसहाची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे जातं आणि आमची बैठक साडेसातला जाते, मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. चार महिने मुलीला झोपवायची वेळ आणि बैठक एकच. आम्ही 20 जण होतो तेव्हा एकमेकांत वाटून घ्यायचो, आज तू बस, उद्या मी. आता 90 जण आहोत आणि हजेरी सिस्टिममधून मोजतात. वाटून घेता येत नाही. वाढीत मला एवढी एकच गोष्ट परत हवी आहे.

नवी_पालवी

मी या चर्चेत सगळ्यात लहान असेन. गेल्या जुलैत एका कंपनीत लागले, कोल्हापुरातच. पहिल्या आठ महिन्यांत तीन मॅनेजर बदलले.

दादा, तुम्ही लिहिलंय ते वाचून त्या मुलाच्या जागी मी मला पाहिलं. पण एक सांगू का? आम्ही विचारतो. पहिल्या महिन्यात मी रोज विचारायचे. जुन्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "ते तसंच आहे, हात लावू नको." का ते कुणी सांगत नाही. कधी त्यांनाही आठवत नसतं, कधी वेळ नसतो, आणि कधीकधी मला वाटतं की ते माहीत असणं हीच त्यांची कंपनीतली जागा आहे, ती त्यांना सोडायची नसते. तीनदा असं उत्तर मिळालं की चौथ्यांदा माणूस विचारत नाही. मग एक तर त्या कोडला कुणी हातच लावत नाही, नाहीतर कुणीतरी न विचारता काढून टाकतं.

राग नका मानू.

रंकाळ्याकडेचा

@नवी_पालवी, राग कसला. दोन दिवस तुझाच प्रतिसाद डोक्यात आहे. "हात लावू नको" हे मीही म्हटलंय, अनेकदा, आणि वेळ नव्हता हे त्याचं खरं कारण प्रत्येक वेळी नसायचं. नवे मॅनेजर आले तेव्हा मनात भीती होती. त्यांच्याकडे मोठ्या कंपन्यांचा अनुभव, इंग्रजी चांगलं, आणि माझ्याकडे काय, तर कुठल्या गावात कुठला काटा आहे ते. ते मी धरून ठेवलं. मुद्दाम नाही, पण सोडलंही नाही.

त्या मुलानं त्या ओळीबद्दल मला विचारलं होतं का, हे मी काल त्याला विचारलं. म्हणाला, "विचारणार होतो सर, पण तुम्ही कायम फोनवर असता."

ताळेबंद

धागा थोडा बाजूला नेतो, पण वाढत्या कंपनीत असलेल्यांनी हे वाचावं. मी सीए आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कोल्हापुरातली तरुण मुलं ईसॉपची पत्रं घेऊन यायला लागलीत. "पगार पाच हजार कमी, पण शेअर्स दिलेत." पत्रातला आकडा मोठा दिसतो.

ईसॉप म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या किमतीला शेअर घ्यायचा हक्क. कंपनी कायद्याच्या नियमाप्रमाणे हक्क दिल्यापासून तो पिकायला किमान एक वर्ष जावं लागतं, बहुतेक ठिकाणी सगळा पिकायला चार वर्षं लावतात. हक्क वापरून शेअर घेतला त्या दिवशी बाजारमूल्य आणि तुमची किंमत यातला फरक पगारात धरला जातो आणि त्यावर कर लागतो. खासगी कंपनीचा शेअर विकायला बाजार नाही, म्हणजे हातात पैसा न येता कर भरायची पाळी येऊ शकते. सरकारी मान्यता असलेल्या काही पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, तुमची कंपनी त्यात बसते का ते विचारा. नोकरी सोडल्यावर पिकलेल्या हक्काचं काय होतं, किती दिवसांत वापरावा लागतो, हे पत्रात शोधा. तिथंच मुलं फसतात.

आणि ग्रॅच्युइटी विसरू नका. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. चार वर्षं झाल्यावर रागाच्या भरात राजीनामा देणारे मी पाहिलेत. रंकाळ्याकडेचा, तुमची नऊ वर्षं झालीत, तुमची रक्कम काढून ठेवा.

परतलेलं_पाखरू

ताळेबंद काकांच्या प्रतिसादाला पुस्ती. पुण्यात रागावून राजीनामा दिला तर समोरच्या इमारतीत दुसरी नोकरी मिळते, घरही बदलावं लागत नाही. इथं तसं नाही. पुणं 230 किलोमीटरवर, म्हणजे नोकरी बदलायची तर आई-वडील, घर, मुलांची शाळा सगळं हलतं. म्हणून इथल्या कंपन्यांत माणसं टिकतात. पण टिकलेला प्रत्येक माणूस मनानं टिकलेला असतो असं कंपन्यांनी धरून चालू नये. माझ्या ओळखीत तिघं असे आहेत की ज्यांचं मन दोन वर्षांपूर्वीच निघून गेलंय, फक्त घर इथं आहे.

मी परत आलो ते मात्र मनानं. संध्याकाळी काम आटोपून वडिलांबरोबर रंकाळ्याला चक्कर मारता येते. त्याचं मोल पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

भुदरगडी

आमचे वडील 22 वर्षं गावातल्या दूध संस्थेचे सचिव आहेत. मी हा धागा त्यांना वाचून दाखवला.

म्हणाले, फरक किती पैशांचा हे महत्त्वाचं नसतंय. सकाळी सहाला चाळीस माणसं रांगेत असत्यात, बिलाची चिठ्ठी हातात पडली की एक जण म्हणतो, "माझं कमी हाय." लगेच दुसरा आपली चिठ्ठी बघतो. तासाभरात गावभर होतं की सचिवानं काटा मारला. सॉफ्टवेअर कुणी बघत नाही, समोर बसलेला माणूस दिसतो. 2017 च्या आसपास एकदा असंच झालं होतं तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून फरक भरला होता. मग कंपनीतून एक पोरगा गाडीवरून आला, पावसात भिजलेला, आणि दोन तास बसून सगळ्यांसमोर हिशेब जुळवून दाखवला. "त्या पोरानं माझी अब्रू राखली," असं ते अजून म्हणतात.

तो पोरगा तुम्हीच होता की दुसरं कोण, ते माहीत नाही. वडिलांनी नमस्कार सांगितलाय.

रंकाळ्याकडेचा

@भुदरगडी, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि उठून बाहेर जावं लागलं. मीच असेन की नाही सांगता येत नाही, त्या वर्षी आम्ही चौघं फिरत होतो. काकांना माझा नमस्कार.

रंकाळ्याकडेचा

तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

शिरोलीकर काकांचा नियम आम्ही तसाच्या तसा उचलला. सोमवार आणि गुरुवार, दुपारी तीन ते पाच, माझ्या शेजारी दोन नवी मुलं बसतात आणि जुना कोड उघडून "हे का?" एवढंच विचारतात. उत्तर सापडलं की त्याच बैठकीत टेस्ट लिहायची. आत्तापर्यंत 31 झाल्यात. सात प्रश्नांची उत्तरं मलाही आठवली नाहीत. त्यातली तीन सपोर्टच्या जुन्या मुलींना आठवली. मोरेवाडीताई, आता दर बैठकीत त्यांच्यातली एक जण असते, आणि रकमेवरून तिकिटाची पायरी ठरवायचा नियम आमच्याकडेही होता, तो काढलाय. मॅनेजर आधी नाही म्हणत होते. भुदरगडीचा प्रतिसाद त्यांना वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी हो म्हणाले.

गेल्या शनिवारी त्या मुलाला घेऊन त्या संस्थेत गेलो. तो इचलकरंजीचा, घरात यंत्रमाग, दूध संस्था आतून कधी पाहिलेली नाही. साडेपाचला पोचलो तेव्हा दिवे लागलेले, रांग सुरू झालेली. किटली काट्यावर, दुधाचा नमुना अ‍ॅनालायझरखाली, आकडे स्क्रीनवर, चिठ्ठी बाहेर. एका माणसाला अर्धा मिनिट लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटात आमचं सगळं सॉफ्टवेअर चालून जातं. तो भिंतीला टेकून नुसता बघत होता.

त्या बाई आल्या. सचिवांनी ओळख करून दिली, कंपनीतली माणसं म्हणून. मुलानं आपणहून सांगितलं की चूक माझ्या हातून झाली होती. बाई म्हणाल्या, "मिळालं की पैसं मागल्या बिलात. तुमी एवढ्यासाठी आलासा व्हय?" मग त्यानं विचारलं, फरक तुमच्या लक्षात कसा आला. त्यांनी पिशवीतून शाळेची एक दोनशे पानी वही काढली. "मी रोज लिवून ठेवतो की." तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, दर. पेन्सिलीनं, एका ओळीत एक वेळ. तीन वर्षांच्या नोंदी. त्या तेरा ओळींच्या पुढं बारीक फुल्या होत्या.

त्यानं विचारून त्या दोन पानांचे फोटो काढले. रविवारी घरी बसून तेराच्या तेरा नोंदी टेस्टमध्ये घातल्या, तारीख आणि वेळेसकट. वर एक ओळ लिहिली, की हे आकडे भुदरगड तालुक्यातल्या एका उत्पादक बाईंच्या वहीतले आहेत, आणि यातला एकही दर एका पैशानं हलला तर रिलीज जाणार नाही.

@नवी_पालवी, पुढच्या शनिवारी राधानगरीकडे जातोय, पहाटे साडेचारला दाभोळकर कॉर्नरवरून निघू. तुझ्या कंपनीला दुधाशी काही देणंघेणं नसेल, पण यायचं असेल तर मैत्रिणीला घेऊन ये. गाडीत तीन जागा आहेत.